उद्या तारीख आहे

(मालवण तालुक्यातल्या कट्टा इथे महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. बायकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण आपल्या कोकणात ही म्हण पाळली कुणी? बांधाच्या दोन हात जागेसाठी आजोबांनी लावलेली केस नातू चालवतो. सामायिक कलमांच्या झाडांवरून सख्खे भाऊ आयुष्यभर तारखा घेतात. त्यांना कुणी खुळे म्हणत नाही, उलट ‘हक्कासाठी भांडतो’ असं म्हणतात. मार खाणारी बाई कोर्टात जायला निघाली, की मग सगळ्या वाडीला ही म्हण आठवते.

केस करावी की करू नये, यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. आज मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे. केस झालेली असते. कागद गेलेले असतात. आणि मग एक संध्याकाळ येते. उद्या तारीख असते. पोरं जेवून झोपलेली असतात, बाई भांडी घासून पडवीत येऊन बसते आणि आपल्याला फोन करते, “ताई, उद्या जाऊ की नको?” त्या फोनवर आपण काय बोलतो, एवढाच माझा आजचा विषय.

मी त्या फोनवर एकदा चुकीचं बोलले आहे. तिथूनच सुरुवात करते.

समाजकार्याचं शिक्षण मुंबईत पुरं करून मी इकडे कामाला आले, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ही बाई पंचविशीतली. नवरा मुंबईला नोकरीत, ही गावच्या घरात सासू-सासरे आणि दिरासोबत. नवरा गणपतीला आणि मे महिन्यात यायचा. तुम्ही हसता आहात, कारण असली घरं तुम्हाला माहीत आहेत. चाकरमानी येणार म्हणून सगळं गाव आनंदात असतं, आणि एखादीच्या पोटात मात्र तेव्हाच गोळा येतो. वर्षभर घरच्यांनी फोनवरून केलेल्या तक्रारींचा हिशेब तो त्या पंधरा दिवसांत चुकता करायचा. एका गणपतीत तिच्या मनगटाचं हाड मोडलं, तेव्हा ती मुलीला घेऊन माहेरी आली.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. त्या कायद्याखाली आम्ही तालुक्याच्या कोर्टात अर्ज केला. नवरा मुंबईला असला तरी अर्ज मुंबईत करावा लागत नाही. बाई जिथे राहते तिथे, अगदी तात्पुरती राहत असली तरी तिथे, अर्ज करता येतो. माहेर हा पत्ता चालतो. सुरुवातीची ऑर्डर चांगली मिळाली. तिला आणि मुलीला महिन्याला खर्च द्यायचा आणि तिच्याशी हिंसा करायची नाही, अशी ती ऑर्डर होती. आम्ही खूश होतो.

मग तिच्या साक्षीची तारीख लागली. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. दिराने निरोप पाठवला होता, ‘उद्या कोर्टात उभी रवलंस तर पोरग्याक शाळेतसून उचलून नेव.’ ती म्हणाली, “ताई, मी उद्या येत नाय.” आणि मी म्हणाले, “तू आली नाहीस तर आपली एवढी मेहनत पाण्यात जाईल.”

‘आपली’ मेहनत म्हणाले मी.

ती आली. पोरीला शेजारणीकडे ठेवून आली. सगळा वेळ तिचं लक्ष दाराकडे होतं. कोर्टात नवरा, दीर, वाडीतली चार माणसं. उलटतपासणीत तिला विचारलं गेलं, की नवरा मुंबईला असताना घरी कोण कोण यायचं, रात्री कुणाशी फोनवर बोलायचीस. वाडीतली माणसं ऐकत होती. ती गोंधळली. जे खरं होतं तेही तिला नीट सांगता आलं नाही. बाहेर आल्यावर ती एकच वाक्य बोलली, “तू जा म्हणालंस, पण परत त्याच गावात माकाच रवाचा आसा.” त्यानंतर आठ महिने तिने माझा फोन घेतला नाही.

त्या आठ महिन्यांत मी कायदा पुन्हा वाचला. कलम 16 मध्ये लिहिलं आहे, की न्यायाधीशांना योग्य वाटलं किंवा दोन्हीपैकी एका बाजूने मागणी केली, तर सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. आम्ही फक्त मागायचं होतं. मी मागायला सांगितलं नव्हतं. दिराच्या धमकीचं काय करायचं हेही मी बोलले नव्हते. ती धमकी म्हणजे एक नवी घटना होती, ती लिहून वकिलांकडे, संरक्षण अधिकाऱ्याकडे, पोलिसांकडे द्यायला हवी होती. शाळेच्या मुख्याध्यापकांना एक शब्द सांगायला हवा होता. यातलं काही न करता मी तिच्याकडून फक्त धैर्याची अपेक्षा केली.

तेव्हापासून त्या संध्याकाळच्या फोनवर मी ‘जा’ही म्हणत नाही आणि ‘नको’ही म्हणत नाही. मी प्रश्न विचारते. ते आपण सगळ्याजणींनी विचारावेत असं मला वाटतं.

पहिला प्रश्न असा की उद्याची केस कुठली आहे आणि त्या केसमध्ये तू कोण आहेस? आपल्या बायका सगळ्याला ‘कोर्टाची केस’ म्हणतात. आपणही तसंच म्हणतो. पण यात फार फरक आहे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात ती स्वतः अर्जदार असते. अर्ज तिचा, मागणं तिचं. वकील हजर असतील तर प्रत्येक तारखेला तिने गेलंच पाहिजे असं नसतं. पण तिची साक्ष, तिची उलटतपासणी दुसरं कुणी देऊ शकत नाही. आणि तीही नाही, वकीलही नाही, असं वारंवार झालं तर अर्ज गैरहजेरीत निकाली निघू शकतो. पोटगीच्या अर्जाचंही साधारण असंच. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली व्हायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो.

पोलिसांत नोंदवलेल्या छळाच्या गुन्ह्याचं वेगळं आहे. आपण ज्याला ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ म्हणतो ते कलम 498 अ 1983 साली कायद्यात आलं. 1 जुलै 2024 पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं 85 आणि 86 लागतात. आधीच्या घटनांचे खटले जुन्या कलमाखालीच चालतात. हा खटला सरकार चालवतं. बाई तिथे साक्षीदार असते. तिला दर तारखेला जायची गरज नसते, पण साक्षीचं समन्स हातात पडलं आणि ती न सांगता गैरहजर राहिली, तर तिच्याच नावाने वॉरंट निघू शकतं. ज्या बाईने पोलिसांकडे संरक्षण मागितलं, तिच्याच दारात पोलीस वॉरंट घेऊन आले तर तिला काय वाटेल? म्हणून इथे ‘नको वाटत असेल तर जाऊ नको’ असा प्रेमळ सल्ला देऊन मोकळं होता येत नाही. भीती असेल, आजारपण असेल, तर ते आधी सरकारी वकिलांना सांगायचं, कोर्टापुढे मांडायचं. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मंजूर केली आहे. धमकी असेल तर तिच्याखाली अर्ज करता येतो.

दुसरा प्रश्न, उद्या नेमकं काय होणार आहे? नवऱ्याला नोटीस पोचली की नाही एवढंच बघणार आहेत, की त्याचं लेखी म्हणणं येणार आहे, की तुझी साक्ष आहे? पुष्कळदा बाईला हे माहीत नसतं. रोजगार बुडवून, पोराला कडेवर घेऊन ती जाते आणि दुपारी दोन वाजता पुढची तारीख घेऊन परत येते. अशा चार खेपा झाल्या की पाचव्या खेपेला, जेव्हा तिची खरी गरज असते तेव्हा, तिचे पाय उचलत नाहीत. कायदा म्हणतो की पहिली सुनावणी साधारणपणे अर्ज आल्यापासून तीन दिवसांच्या आत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही बघताच. म्हणून तारखेचं काम आधी विचारून घ्यायचं. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे ते दिसतं. गटातल्या एका शिकलेल्या मुलीने एवढं काम अंगावर घेतलं तरी किती बायकांच्या खेपा वाचतील!

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोर्टातून परत कुठे जाणार आहेस? बाई माहेरी असेल तर एक गोष्ट. ती सासरच्याच घरात राहत असेल तर ती ज्या माणसाविरुद्ध बोलणार, संध्याकाळी त्याच्याच चुलीवर भात शिजवणार. घर सासऱ्याच्या नावावर आहे, तिला बाहेर काढतील, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, कारण आपल्याकडची घरं वाडवडिलांच्या नावावरच असतात. तिला सांगा, 15 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात स्पष्ट केलं, की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं म्हणून ते ‘सामायिक घर’ ठरत नाही असं नाही. तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. पण हेही सांगा, की हक्काचा कागद म्हणजे दाराची कडी नव्हे. ऑर्डर झाली तर तिची प्रत कोर्टाकडून विनामूल्य मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. ती तिच्याकडे एक, आपल्याकडे एक आणि शेजारच्या विश्वासातल्या घरात एक अशी ठेवा.

आणि चौथा प्रश्न, तुला काय हवंय? हा प्रश्न मी माझ्या त्या पहिल्या बाईला कधी विचारलाच नव्हता. मला तिच्या नवऱ्याला शिक्षा हवी होती. तिला मुलीची शाळा सुटायला नको होती.

आता दुसऱ्या एका बाईबद्दल सांगते. ही चाळिशीची. हिचा अर्ज कोर्टात होता. मधल्या काळात तिला दुसऱ्या तालुक्यात काजूच्या कारखान्यात काम मिळालं, तिने खोली घेतली. नवऱ्याला पत्ता माहीत नव्हता. कोर्टाच्या तारखेला आलं की तो मागे मागे येणार, एसटीत बसणार, खोली शोधून काढणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणाली, “माका त्याचे पैसे नको. त्याका माझो पत्तो मिळाक नको.” मी तिच्यासोबत वकिलांकडे गेले. अर्ज मागे घेतला तर काय, पुढे काही घडलं तर नव्याने अर्ज करता येईल का, हे सगळं तिने स्वतः विचारून घेतलं. मग तिने अर्ज रीतसर मागे घेतला. आमच्या काही मैत्रिणी नाराज झाल्या. ‘माघार घेतली’ असं म्हणाल्या. मला ती माघार वाटत नाही. न जाण्याचा निर्णय आणि घाबरून गैरहजर राहणं यात फरक आहे. तिला पुढचं दिसत होतं आणि तिने ते बघून ठरवलं.

मग कोणी विचारेल, ताई, म्हणजे कोर्टात जाऊच नये का? तसं मी मुळीच म्हणत नाही. बाईच्या स्वतःच्या शब्दाला कोर्टात काय मोल असतं, हे आपल्या महाराष्ट्राने फार वाईट रीतीने शिकलं आहे. 1982 च्या जून महिन्यात पुण्यात मंजुश्री सारडा ही तरुण मुलगी लग्नानंतर काही महिन्यांतच सासरी मेली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती, त्यात तिचं दुःख होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी पुण्यात आवाज उठवला, त्यातून नारी समता मंच उभा राहिला. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. कोर्टात त्या पत्रांचे दोन दोन अर्थ लावले गेले. पत्राला उलट विचारता येत नाही, ‘बाई, तुला इथे काय म्हणायचं होतं?’ सांगायला ती नव्हती.

आपल्याकडे येणारी बाई जिवंत आहे. ती सांगू शकते. 2005 च्या कायद्याने तिच्या सांगण्याला मोठा मान दिला आहे. संरक्षणाचा आदेश नवऱ्याने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तो आदेश मोडला हे कोर्ट तिच्या एकटीच्या साक्षीवरसुद्धा मान्य करू शकतं. चार भिंतींच्या आत कोण साक्षीदार मिळणार, हे कायदा करणाऱ्यांना कळलेलं होतं. म्हणून तर तिची तारीख अशी सहज वाया जाऊ द्यायची नाही.

आणखी मागे जाऊन बघा. 1884 साली मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईवर दावा लावला, बायकोने आपल्या घरी नांदायला यावं म्हणून. 1887 मध्ये कोर्टाने तिला सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढे 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडला, आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. तेव्हा कोर्ट हे बाईला ओढून नेण्याचं साधन होतं. आज तिच्या बाजूने उघडणारं एक दार तरी त्याला आहे. त्या दारातून कधी आत जायचं, कुणाला सोबत घ्यायचं, हे ठरवायचा अधिकार मात्र तिचाच हवा. नवरा ‘जाऊ नको’ म्हणतो आणि आपण ‘गेलंच पाहिजे’ म्हणतो. दोघांच्या मध्ये ती कुठे आहे?

आता आपल्या कामाचं बोलते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून एकही बाई घरी बसता कामा नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्यात बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. 15100 या नंबरवरही माहिती मिळते. रात्रीअपरात्री मदत लागली तर महिलांसाठी 181 आणि पोलिसांसाठी 112 आहे.

तारखेच्या आधी एखाद्या दिवशी तिला कोर्ट दाखवून आणा. न्यायाधीश कुठे बसतात, साक्षीला कुठे उभं राहायचं, बाथरूम कुठे आहे, हे आधी बघितलं की निम्मी भीती जाते. तारखेच्या दिवशी दोघींनी सोबत जा. एकीने फाईल सांभाळायची, दुसरीने तिच्या आणि नवऱ्याच्या मधल्या जागेत बसायचं. एवढंच करायचं, मध्ये बसायचं. तिसरीने गावात थांबून मुलांना शाळेतून आणायचं. एसटीत मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, म्हणजे एकीच्या तिकिटात दोघी जातात. परत येताना एकाच गाडीने नवरा येणार असेल तर पुढची गाडी पकडायची. आणि कोर्टातून आल्यावर ‘काय झालं?’ हे विचारायच्या आधी ‘जेवलंस काय?’ हे विचारा.

ती गेली नाही, तरीही आपण तिच्याकडे जायचं. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. तारखेला न गेलेली बाई आपल्याला तोंड दाखवायला लाजते. तिला वाटतं, आपण ताईंचा विश्वासघात केला. मग पुढच्या वेळी मार पडला तरी ती कळवत नाही. आपल्या रागाची भीती तिला नवऱ्याच्या रागाइतकी वाटायला लागली, तर आपलं काम संपलं म्हणायचं.

माझ्या त्या पहिल्या बाईचं काय झालं, असं तुमच्या मनात असेल. आठ महिन्यांनी ती स्वतःहून आली. मी आधी माफी मागितली. मग चारही प्रश्न विचारले. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, “मी जाणार. पण दार लावून घेवक सांगा, आणि शेजारची काकी सोबत येतली.” मागणीप्रमाणे सुनावणी बंद दाराआड झाली. या खेपेला ती हळू बोलली, पण सगळं बोलली. खर्चाची ऑर्डर झाली. पैसे आजही वेळेवर येत नाहीत, थकबाकीसाठी पुन्हा अर्ज केला आहे, म्हणजे तारखा चालूच आहेत. पण मुलगी त्याच शाळेत आहे.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, “ताई, उद्या तारीख आसा. माझी नाय, आमच्या वाडीतल्या एका बायची. तिका काय विचारूचा ता माका म्हायत आसा, पण सोबत कोण येतला?”

मी गेले. पुढच्या वेळी तुमच्यापैकी कुणीतरी जा.